पोलादाची चाल आणि शरीराचे माप

सप्टेंबर १९६९. फ्रान्समधील ब्लुआ या गावच्या वेलोड्रोमवर एक प्रदर्शनीय शर्यत रंगात आली होती. डर्नी नावाच्या लहानशा मोटारसायकलीच्या आडोशाने सायकलपटू वेगाने फेऱ्या मारीत होते. पुढच्या एका डर्नीचा तोल गेला आणि मागचे तिच्यावर आदळले. त्या अपघातात एडी मर्क्सच्या पुढे चालणारा डर्नीचालक फर्नां वांबस्त प्राणाला मुकला. मर्क्स बेशुद्ध पडला आणि त्याच्या कटिभागाला कायमची दुखापत झाली. अवघ्या काही आठवड्यांपूर्वी, जुलैमध्ये, त्याने आपली पहिली टूर द फ्रान्स जिंकली होती. त्यानंतर तो आणखी चार वेळा ती जिंकणार होता, परंतु सायकलवर पूर्वीसारखा निर्धास्त मात्र तो पुन्हा कधीच बसला नाही. सीटची उंची दोन मिलिमीटरने वर, पुन्हा तीन मिलिमीटरने खाली, असा त्याचा शोध अखेरपर्यंत चालू राहिला. भर शर्यतीत, सायकल चालू असतानाच, पान्याने सीट खालीवर करणारा मर्क्स ही त्या काळातील प्रेक्षकांच्या ओळखीची आकृती होती.

या माणसाला फ्रेमची वानवा नव्हती. १९७२ मध्ये मेक्सिको शहरात एका तासात ४९.४३१ किलोमीटर अंतर कापून त्याने विश्वविक्रम केला, तेव्हा एर्नेस्तो कोल्नागोने त्याच्यासाठी अवघ्या पावणेसहा किलोंच्या आसपास वजनाची पोलादी सायकल घडविली होती. पुढे उगो दे रोझासारखा कसबी कारागीर त्याच्या संघासाठी फ्रेम बांधीत असे. जगातील उत्तमातील उत्तम नळ्या आणि हात दिमतीला असूनही ज्याची पाठ दुखतच राहिली, त्याचे उदाहरण आज फ्रेम विकत घ्यावयास निघालेल्या कोणाही ग्राहकाने क्षणभर डोळ्यांसमोर आणावे. कारण दुकानात पहिला प्रश्न विचारला जातो तो नळीवरील स्टिकरचा. ही रेनॉल्ड्स आहे की कोलंबस? शरीराच्या मापाचा प्रश्न बहुधा सर्वांत शेवटी येतो, आणि कित्येकदा पैसे मोजून झाल्यावर येतो.

शर्यतीच्या जगातून पोलाद १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात बाजूला पडले. १९९८ ची टूर मार्को पांतानीने अ‍ॅल्युमिनियमच्या सायकलवर जिंकली आणि पुढच्या काळात कार्बन फायबरने सारे मैदान व्यापले. तथापि लांब पल्ल्याच्या सायकलस्वारांनी पोलादाची साथ सोडली नाही. भारतातही २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटरच्या ब्रेव्हे राइड्स रुजल्या. दर चार वर्षांनी होणाऱ्या १२०० किलोमीटरच्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिससाठी येथून शेकडो जण जाऊन आले. तसे पोलादी फ्रेमबद्दलचे कुतूहल पुन्हा जागे झाले. चाळीस तासांत सहाशे किलोमीटर कापावयाचे म्हणजे तळहात बधिर होणे, मान आखडणे, कंबर धरणे या गोष्टी किरकोळ राहत नाहीत. कित्येकांची राइड पायांतील बळ संपल्यामुळे नव्हे, तर हँडल धरवेनासे झाल्यामुळे अर्ध्यावर सुटते.

नळीच्या आत दडलेली कल्पना

पोलादी फ्रेमची खरी कथा बर्मिंगहॅममधील एका खिळ्यांच्या कारखान्यात सुरू होते. तेथील आल्फ्रेड मिलवर्ड रेनॉल्ड्स यांच्यापुढे एक साधी अडचण होती. फ्रेम हलकी व्हावी म्हणून नळी पातळ घ्यावी तर ती जोडापाशी तुटते. जोड टिकावा म्हणून जाड घ्यावी तर सायकल जड होते. वास्तविक नळीवर सर्वाधिक ताण येतो तो टोकांपाशी. मधल्या भागाला तेवढ्या जाडीची गरजच नसते. तेव्हा नळी बाहेरून सर्वत्र सारख्या व्यासाची, परंतु आतून टोकांना जाड आणि मध्ये पातळ अशी का घडवू नये? १८९७ मध्ये या युक्तीचे पेटंट घेण्यात आले. इंग्रजीतील ‘बटेड’ नळी ती हीच. पोलादी गजावरून नळी ओढून तिची आतली जाडी कमीअधिक करावयाची आणि मग टोकाशी अडकलेला गज नळीला रुळांतून फिरवून, किंचित फुलवून बाहेर काढावयाचा, असे ते तंत्र होय.

१९३५ मध्ये याच कंपनीने मँगनीज आणि मॉलिब्डेनम मिसळलेल्या पोलादाची ‘५३१’ ही नळी बाजारात आणली आणि पुढची चार दशके चांगली सायकल म्हणजे ५३१ असे समीकरण होऊन बसले. जग्वार ई-टाइप या देखण्या मोटारीच्या पुढच्या सांगाड्यातही हीच नळी होती. ५३१ च्या नेहमीच्या नळीची जाडी टोकांना ०.८ आणि मध्ये ०.५ मिलिमीटर. अर्ध्या मिलिमीटरच्या पोलादावर सत्तर-ऐंशी किलोंचा माणूस डोंगर उतरतो, ही गोष्ट सवयीमुळे आपल्याला नवलाची वाटत नाही एवढेच. मिलानमध्ये १९१९ पासून अंजेलो लुइजी कोलंबो यांच्या कारखान्यात नळ्या बनत होत्या. तेच पुढचे कोलंबस. त्यांची ‘एसएल’ नळी टोकांना ०.९ आणि मध्ये ०.६ मिलिमीटर, तर दणकट स्वारांसाठीची ‘एसपी’ त्याहून किंचित जाड.

या इंग्रजी वंशावळीची एक शाखा भारतातही पोहोचली आहे. रेनॉल्ड्स कंपनी १९२८ मध्ये बर्मिंगहॅमच्या ‘ट्यूब इन्व्हेस्टमेंट्स’ या समूहात गेली. याच समूहाने १९४९ मध्ये मुरुगप्पा परिवाराच्या साथीने तेव्हाच्या मद्रासजवळ सायकलचा कारखाना काढला आणि १९५५ मध्ये आवडी येथे नळ्यांचा. हर्क्युलिस नावाची जी सायकल आपल्याकडे घरोघरी पोहोचली, ती या घराण्यातील. पुढे रॅलीही याच समूहाकडे आली. १९८० मध्ये यॉप झूटेमेल्कने टीआय-रॅली संघातून टूर द फ्रान्स जिंकली; त्या संघाच्या सायकली रेनॉल्ड्सच्या ‘७५३’ या अत्यंत पातळ, उष्णतासंस्कारित नळीच्या होत्या. ही नळी सरसकट कोणालाही मिळत नसे. कारागिराने आधी जोडाचा नमुना करून पाठवावयाचा आणि तो रेनॉल्ड्सच्या कसोटीस उतरला तरच नळ्या हाती पडावयाच्या. आच थोडी अधिक झाली की नळीचा कस जातो, हे त्यामागचे कारण. एकीकडे इल्केस्टनच्या कार्यशाळेत चांदीच्या डाखाने जोडलेली ती फ्रेम, दुसरीकडे दुधाच्या किटल्या वाहणारी मद्रासची वीस किलोंची सायकल; आडनाव मात्र एकच!

स्टिकर बोलतो, धातू बोलतो का?

‘पोलादात जान असते,’ असे सायकलप्रेमी म्हणतात. पोलादी फ्रेम रस्त्याचे धक्के गिळते, अ‍ॅल्युमिनियम हाडे खिळखिळी करते, अशी समजूत सर्वत्र आढळते. यात तथ्य किती?

पहिली गोष्ट अशी की, स्वस्त पोलाद असो वा महागडे, दोघांचा ताठरपणा जवळजवळ सारखाच असतो. मिश्रधातू बदलल्याने पोलादाचे सामर्थ्य बदलते, म्हणजे ते कोणत्या ताणाला वाकून तसेच राहील किंवा तुटेल ते बदलते. परंतु विशिष्ट भाराखाली ते किती लवेल हे बदलत नाही. महाग पोलादाचा उपयोग एवढाच की, त्याची नळी अधिक पातळ करता येते. लवचीकता ठरते ती नळीच्या व्यासावरून आणि जाडीवरून. त्यातही व्यासाचा प्रभाव फार मोठा, कारण पातळ नळीचा ताठरपणा व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. जुन्या फ्रेमची खालची तिरपी नळी २८.६ मिलिमीटरची असे. आजकाल ती ३१.८ ची असते. हा फरक नखाएवढा दिसतो, पण तेवढ्याच जाडीची नळी त्यामुळे सुमारे ३७ टक्के अधिक ताठर होते. अ‍ॅल्युमिनियमच्या सायकली कडक वाटू लागल्या त्याही मुख्यतः त्यांच्या जाडजूड व्यासामुळे. तो धातू स्वतः पोलादाच्या एकतृतीयांश एवढाच ताठर आहे.

१९९० च्या दशकात ‘बायसिकल गाइड’ या अमेरिकन नियतकालिकाने एक मनोरंजक प्रयोग केला. इटलीतील अंतोनियो मोंदोनिको या कारागिराकडून एकाच मापाच्या, एकाच रंगाच्या सात फ्रेम बनवून घेतल्या. प्रत्येकीत कोलंबसची वेगळी नळी. अगदी साध्यापासून अतिमहाग नळीपर्यंत. कोणती फ्रेम कशाची हे न सांगता त्या चालवावयास दिल्या. वर्षानुवर्षे सायकलींची परीक्षणे लिहिणाऱ्या मंडळींना त्या वेगळ्या ओळखता आल्या नाहीत. नळ्यांच्या गुणगानात रंगलेल्या जगाला हा निकाल फारसा रुचला नसावा.

वादाचा निकाल मात्र यावर लागला असे म्हणता येत नाही. सिअ‍ॅटलच्या यान हाइने यांच्या ‘बायसिकल क्वार्टर्ली’ या त्रैमासिकाने पुढे केलेल्या अशाच गुप्त चाचणीत काही स्वारांना फरक ओळखता आला आणि त्यांनी अधिक लवचीक फ्रेमला पसंती दिली. पायडलच्या तालाशी लवणारी फ्रेम पायांना कमी थकविते, असे हाइने यांचे प्रतिपादन आहे. स्वारांची संख्या मूठभर असल्याने त्यावरून नियम बांधणे धाडसाचे होईल. परंतु चढावर जोर लावताना क्रँकजवळचा भाग डावीउजवीकडे काही मिलिमीटर हलतो, हे कोणालाही डोळ्यांनी पाहता येते. तेव्हा फ्रेमची जी काही ‘जान’ जाणवते ती या आडव्या लवचीकतेत. खड्ड्याचा उभा धक्का ही वेगळीच बाब आहे. पुढचे व मागचे असे दोन त्रिकोण मिळून फ्रेम बनते, आणि त्रिकोणासारखी न लवणारी आकृती नाही. उभ्या दिशेने चांगली पोलादी फ्रेमसुद्धा मिलिमीटरच्या अंशानेच दबते. त्याच वेळी योग्य हवा भरलेला ३२ मिलिमीटरचा टायर पाच मिलिमीटरच्या आसपास दबलेला असतो. आरामाची किल्ली कोठे आहे, हे यावरून ध्यानी यावे.

शर्यतीच्या सायकलींना एकेकाळी २३ मिलिमीटरचे टायर आणि शंभर-एकशेदहा पौंड हवा हे प्रमाण मानले जाई. २०१० च्या दशकात व्यावसायिक संघही २५ आणि पुढे २८ मिलिमीटरकडे वळले, कारण खडबडीत रस्त्यावर कडक टायर वेगही खातो हे चाचण्यांतून दिसून आले. सत्तर किलोंच्या स्वाराला ३२ च्या टायरमध्ये साठ पौंडांच्या आसपास हवा पुरते. म्हणूनच पोलादी फ्रेम पाहताना नळीचे नाव वाचण्याआधी चिमट्यात आणि मागच्या दोन नळ्यांमध्ये बोट घालून पाहावे. रुंद टायर मावेल का, आणि वर मडगार्ड बसेल का? ज्या फ्रेममध्ये २५ च्या वर टायर जात नाही, ती कितीही नामांकित नळीची असली तरी आपल्या रस्त्यांवर तिच्याकडून आरामाची अपेक्षा करणे व्यर्थ होय.

आपली जुनी काळी सायकल याचा उत्तम दाखला आहे. साधे जाड पोलाद, कोणतीही कारागिरी नाही, तरीही तिच्यावरून मैलोन्‌मैल जाणारे पोस्टमन आणि शिक्षक पाठदुखीची तक्रार क्वचितच करीत. कारण तिचे टायर चाळीस मिलिमीटरचे, सीट स्प्रिंगची, हँडल उंच, आणि पुढचा चिमटा असा कललेला की धक्का येईपर्यंत चाक बरेच पुढे गेलेले असते. डबलसीट बसविलेल्या माणसाचे वजनही ती निमूटपणे वाहून नेई. आराम तिच्या आखणीत होता.

माप कोणाचे?

फ्रेमचा आकार ठरविण्याची एक जुनी, परंतु आजही उपयोगी पडणारी रीत आहे. अनवाणी पायांनी भिंतीला पाठ लावून उभे राहावे, पायांत वीतभर अंतर ठेवावे आणि कडक बांधणीचे पुस्तक जांघेत सीटसारखे घट्ट वर दाबून धरावे. पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजावे. ग्रेग लेमाँडने प्रसिद्ध केलेल्या आणि त्याचे प्रशिक्षक सिरिल गिमार यांच्याकडून आलेल्या सूत्रानुसार या अंतराला ०.८८३ ने गुणले की क्रँकच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची मिळते. हे अंतर ८० सेंटिमीटर असेल तर उंची ७०.६ सेंटिमीटर. त्याच अंतराला ०.६५ ते ०.६७ ने गुणल्यास फ्रेमचे ढोबळ माप हाती येते. या उदाहरणात ५२ ते ५३.६. ही सुरुवात समजावी. मर्क्सचे उदाहरण सांगते त्याप्रमाणे शेवटचे काही मिलिमीटर ज्याचे त्यानेच शोधावयाचे असतात.

सीटची उंची मात्र कोणत्याही फ्रेमवर साधता येते. खरा घोळ होतो तो लांबीत. सीटपासून हँडलपर्यंतचे अंतर वरच्या आडव्या नळीच्या लांबीने ठरते, आणि ते जास्त झाले की स्वार पुढे ताणला जातो, कोपरे ताठ होतात, शरीराचा भार तळहातांवर येतो. हँडल सीटपेक्षा फार खाली असले की हाच परिणाम दुप्पट होतो. शर्यतीच्या फ्रेमची पुढची उभी नळी आखूड असते. पंचविशीतल्या लवचीक पाठीला ते मानवते, पन्नाशीतील माणसाला नव्हे. कॅलिफोर्नियातील रिव्हेंडेलचे ग्रँट पीटरसन यांनी १९९० च्या दशकापासून याच मुद्द्यावर एकहाती मोहीम चालविली: एक माप मोठी फ्रेम घ्या, हँडल सीटच्या पातळीला आणा. त्यांचे सारेच विचार पटण्याजोगे नाहीत, परंतु हौशी स्वारांना शर्यतपटूंच्या सायकली विकल्या जातात, ही त्यांची तक्रार रास्त आहे.

बुटक्या व्यक्तींची, विशेषतः स्त्रियांची, अडचण याहून वेगळी. चाके ७०० सी या एकाच मापाची ठेवून फ्रेम लहान करीत गेल्यास एका टप्प्यावर वरची नळी आखूड करता येत नाही. केली तर वळताना पायाचा अंगठा पुढच्या चाकाला घासतो. मग कारखानदार कागदावर लहान माप लिहितात आणि प्रत्यक्षात लांबी तीच राहते. न्यूयॉर्क राज्यातील जॉर्जिना टेरी या अभियंता महिलेने १९८५ मध्ये स्त्रियांसाठी पोलादी फ्रेमचा व्यवसाय सुरू केला, तेव्हा त्यांनी सरळ पुढचे चाक लहान केले. दिसावयास ती सायकल विचित्र दिसे, पण लहान चणीच्या स्त्रीचे हात प्रथमच हँडलवर सहज टेकले. पाच फुटांच्या आतबाहेर उंची असलेल्या ग्राहकाने म्हणूनच ७०० सी चा हट्ट सोडून २६ इंची किंवा ६५०-बी चाकांची फ्रेम आवर्जून पाहावी. नळीत विविधता आणणे कठीण नाही; आखणीत आणावयास कोणी धजत नाही, इतकेच.

दोन फ्रेम, दोन स्वभाव

मग चालीतला फरक नेमका कशाचा? दोन पोलादी फ्रेम शेजारी ठेवून पाहाव्यात. एक कोल्नागोची मास्टर, १९८० च्या दशकातील इटालियन शर्यतीची फ्रेम, जिच्या नळ्यांवर लांबच लांब खाचा आहेत. दुसरी अमेरिकेच्या सर्ली कंपनीची लाँग हॉल ट्रकर, साध्या क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाची, सामान लादून देशोदेशी हिंडण्यासाठी २००० च्या दशकात आलेली. पहिलीत मागचे चाक क्रँकपासून सुमारे ४१ सेंटिमीटरवर, दुसरीत ४६. या पाच सेंटिमीटरमुळे दुसऱ्या फ्रेमचा स्वार मागच्या चाकाच्या डोक्यावर न बसता दोन चाकांच्या मध्ये येतो, खड्ड्याचा दणका त्याला कमी लागतो आणि कॅरिअरवरील पिशवीला टाच लागत नाही. उलट, चढावर उभे राहून झपाट्याने निघावयाचे झाल्यास पहिली जी झेप घेते ती दुसरीला साधत नाही. जड ट्रकर रिकामी चालविली तर थोडी मठ्ठ वाटते. दोन्ही बाजूंना बॅगा अडकविल्या की तीच स्थिरचित्त होते.

दुसरा गुण ट्रेलचा. ऑफिसातील खुर्चीची लहान चाके जशी आपल्या खुंटीच्या मागे मागे फिरतात, तसे पुढच्या चाकाचे जमिनीवरील टेकणे हे हँडलच्या आसाच्या रेषेपासून थोडे मागे असते. ते अंतर म्हणजे ट्रेल. चिमट्याच्या बाकावर आणि पुढच्या नळीच्या कोनावर ते अवलंबून असते. शर्यतीच्या फ्रेममध्ये ते ५५ ते ६० मिलिमीटर. रने एर्स यांच्यासारख्या जुन्या फ्रेंच कारागिरांच्या, हँडलपुढे पिशवी वाहणाऱ्या सायकलींत ते तीस-चाळिसाच्या घरात. ट्रेल अधिक असेल तर वेगात सायकल आपोआप सरळ राहते. कमी असेल तर रात्रीच्या तिसऱ्या प्रहरी, झोपाळलेल्या स्वाराला संथ गतीतही हलक्या हाताने दिशा देता येते. यांतील कोणते बरे हा सवयीचा प्रश्न. परंतु ज्याला लोक भाबडेपणाने ‘पोलादाची चाल’ म्हणतात, तिचा मोठा वाटा या कोनांचा आणि लांबीरुंदीचा असतो.

वजनाचा बाऊही फार केला जातो. पोलादी फ्रेम कार्बनपेक्षा साधारण किलोभर जड. स्वार आणि सायकल मिळून ऐंशी किलो धरले, तर हा फरक सव्वा टक्क्याचा. शर्यत जिंकणाऱ्यास तो महत्त्वाचा, इतरांस पाण्याच्या एका बाटलीएवढा. त्याच्या मोबदल्यात पोलाद जे देते ते मात्र निश्चित आहे: विशिष्ट मर्यादेखालील ताण लक्षावधी वेळा सोसूनही ते थकत नाही, वाकले तर सरळ करता येते, आणि जुन्या फ्रेमचे मागचे टोक १२६ वरून १३० मिलिमीटरपर्यंत फाकवून नव्या काळातील चाक बसविता येते. असे धाडस अ‍ॅल्युमिनियम वा कार्बनच्या बाबतीत करू नये.

यामुळेच जुनी, चांगल्या नळीची फ्रेम हा अनेकदा नव्यापेक्षा शहाणा सौदा ठरतो. घेताना काही गोष्टी मात्र डोळ्यांत तेल घालून पाहाव्यात. पुढच्या जोडाच्या मागे, तिरप्या नळीच्या खालच्या अंगाला, रंगाला सुरकुती किंवा फुगवटा असेल तर ती समोरून आदळलेली आहे. पुढच्या नळीपासून मागच्या टोकांपर्यंत दोरा ताणून दोन्ही बाजूंना सीटच्या नळीपासूनचे अंतर मोजावे. दोन-तीन मिलिमीटरहून अधिक तफावत असल्यास मागचा त्रिकोण वाकला आहे. सीटचा दांडा फिरवून, उपसून पाहावा. तो नळीत गंजून बसला असेल तर भले भले कारागीर हात टेकतात. कोकणात आणि सागरकिनारी गंज आतून लागतो, बाहेरचा रंग शाबूत ठेवून. पावसाळ्यापूर्वी सीटचा दांडा काढून नळ्यांत थोडे तेल सोडावे, फ्रेम उलटसुलट करून ते सर्वत्र पोहोचवावे आणि क्रँकजवळच्या भोकातून जास्तीचे निथळू द्यावे. मग दोन फ्रेमची तुलना करावयाची असल्यास दोन्हींवर तेच टायर, तीच हवा, तीच सीट त्याच उंचीवर ठेवून एकाच रस्त्यावरून निदान दोन तास जावे, आणि घरी आल्यावर पहिल्यांदा तळहात पाहावेत.